खारेपाटातील भातशेती: खाडीचे पाणी वाढत असताना बांध, उघाडी आणि जमीन कशी सांभाळावी

खाडीकाठच्या शेतकऱ्याला भरती-ओहोटी वेगळी शिकवावी लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे घरातल्या दिनदर्शिकेवरूनच कळते. प्रश्न वेगळाच असतो: बांध तोच, उघाडी तीच, मग खारे पाणी आत्ताच आत का येते? आणि एकदा आले की त्या जमिनीचे पुढे काय करायचे?

सह्याद्रीच्या पूर्वेला उतरणाऱ्या गोदावरी आणि कृष्णा शेकडो किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतात आणि तोंडाशी गाळाचा मोठा त्रिभुज प्रदेश तयार करतात. पश्चिमेच्या आपल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. आंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी यांच्या तोंडाशी खाडी असते आणि भरतीचे पाणी तिच्यातून कित्येक किलोमीटर आत येते. या खाड्यांच्या कडेला बांध घालून, आतली जमीन पावसाच्या पाण्याने धुऊन पिढ्यान् पिढ्या भात पिकवला गेला. तीच आपली खार जमीन. गोव्यात तिला खाजन म्हणतात.

ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. म्हणजे ती शेती म्हणून टिकते ती फक्त बांध, उघाडी आणि पाऊस या तिघांच्या जोरावर. तिघांपैकी एक चुकला की दोन-तीन हंगामांत भात जातो.

समुद्र किती वाढला?

१९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढल्याचे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नोंदले आहे. त्याआधीच्या शतकभरात हा वेग साधारण १ ते पावणेदोन मिलिमीटर होता. ३.३ मिलिमीटर म्हणजे तीस वर्षांत जेमतेम चार इंच.

चार इंच ऐकून कोणी हसेल. उत्तर कोकणात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटर असतो, त्यात चार इंचांचे काय? पण बांधाचा विचार माथ्यापासून करावा लागतो. मातीचा बांध दरवर्षी थोडा बसतो, पावसाने माथा झिजतो, गुरांच्या आणि माणसांच्या वाटेने खाच पडते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाला पाणी माथ्यापासून फूटभर खाली राहत असेल, तर बांध सहा इंच बसला आणि समुद्र चार इंच वर आला की उरतात दोन इंच. त्यात वाऱ्याने उठलेली लाट आली की पाणी माथ्यावरून जाते. मातीचा बांध बहुधा असाच फुटतो: वरून गेलेले पाणी आतल्या उताराची माती नेते आणि तासाभरात खांड पडते.

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक उत्तर कोकणाच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे तेच चार इंच तिकडे जास्त जड जातात.

पावसाची तऱ्हाही बदलते आहे. थोड्या तासांत खूप पाऊस पडतो, आणि तो उधाणाच्या भरतीशी गाठ पडून आला की नदीच्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले, ते अनेकांना आठवत असेल. अरबी समुद्रातल्या वादळांचीही भर पडली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला समांतर वर गेले. दोन्ही वेळा खरीप तोंडावर होता.

तरीही सगळे खापर समुद्रावर फोडू नये. आमच्या मते आज बुडणाऱ्या बऱ्याच शेतांचे कारण जवळच सापडते: उघाडीचे दार मोडलेले, तिच्यासमोर गाळ साचलेला, बांधात खेकड्यांची बिळे, किंवा खाडीत सक्शन पंपाने वाळू उपसल्यामुळे काठ ढासळलेला. समुद्र वाढल्याने एवढेच झाले आहे की पूर्वी असे दुर्लक्ष चार-पाच वर्षे खपून जायचे, ते आता एका उधाणालाही खपत नाही.

उघाडी: फक्त ओहोटीला उघडणारे दार

उघाडीचे दार एकाच बाजूने चालते. आतले पाणी बाहेरच्यापेक्षा उंच असेल तेव्हा ते उघडते. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने मिटते. भरती-ओहोटीचे एक चक्र साधारण साडेबारा तासांचे. त्यातले जितके तास दार उघडे, तितकाच निचरा.

उघाडीच्या तोंडासमोर, खाडीच्या बाजूला, गाळाचा उंचवटा झाला तर ओहोटी कितीही खोल गेली तरी आतले पाणी त्या उंचवट्यापर्यंतच उतरते. म्हणून मे महिन्यात दाराबरोबर समोरचा चरही मोकळा करावा. दाराला अडकलेली फळी, प्लॅस्टिक, ओंडका काढावा. दार पूर्ण मिटते का, हे भरती चढत असताना आतल्या बाजूने उभे राहून पाहावे. बोटाएवढ्या फटीतून रात्रभर येणारे पाणीही उघाडीजवळची शेते खारवते.

एक गोष्ट नव्या कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही. उधाणाला भरती जशी उंच, तशी ओहोटीही खोल असते. शेतात तुंबलेले पाणी झपाट्याने काढायचे असेल तर उधाणाच्या ओहोटीसारखी वेळ नाही, मात्र भरती फिरण्याआधी दार तपासायला माणूस हवा. भांगाला खाडी फारशी उतरत नाही, म्हणून पाणी हळू निघते. पण बांधाची डागडुजी करायला तेच दिवस सोयीचे.

बांधाची पाहणी

वर्षातून निदान दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टमधल्या मोठ्या उधाणानंतर, बांधावरून पायी चालावे. ओहोटीला बाहेरचा पाया दिसतो, तेव्हाच जावे. पुढील ठिकाणी थांबून नीट पाहावे:

- माथा खाली गेलेली जागा आणि पायवाटेची खाच
- खेकड्यांची व उंदरांची बिळे, विशेषतः आतल्या बाजूने पाणी पाझरत असेल तर
- उघाडीच्या भिंती आणि मातीचा बांध जिथे मिळतात तो सांधा
- बाहेरच्या दगडी अस्तरातून निसटलेले दगड

बिळे वरवर माती टाकून बुजत नाहीत. ती खोदून, चिकण माती थराथराने ठोकून भरावी लागतात. भराव्यासाठी माती बांधाच्या अगदी पायथ्याची कधीही काढू नये, तिथे खड्डा झाला की बांध त्यातच सरकतो.

बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूला तिवरांची पट्टी असेल तर ती तुमच्या फायद्याची आहे. लाटेचा जोर ती आधीच मोडते आणि गाळ धरून ठेवते. जिथे बाहेर तिवरे नाहीत तिथे दगडी अस्तरावर जास्त खर्च येतो.

खांड पडली तर वेळ किती आहे?

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पुढच्या उधाणाच्या आत, म्हणजे पंधरवड्याच्या आत, खांड बुजवायला हवी. पहिल्या उधाणाला पडलेली पाच फुटांची खांड रोजच्या भरती-ओहोटीने रुंद होत जाते, आणि काम गावाच्या हाताबाहेर जाते.

पूर्वी गावकीने श्रमदानाने हे काम व्हायचे. १९४८ च्या खार जमीन कायद्यानंतर आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्यानंतर अनेक बांध सरकारी योजनांत आले. बांध पक्के झाले, पण "आता ते सरकारचे काम" ही भावनाही आली. निविदा निघून काम सुरू होईपर्यंत एक पावसाळा सहज जातो.

एक पावसाळा गेला तर काय, असे वाटेल. भरतीबरोबर तिवरांची बीजे शेतात येतात आणि चिखलात रुजतात. तीन-चार वर्षांत शेताच्या जागी कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर आणि २०१८ च्या निकालानुसार राज्यात कांदळवन तोडण्यास बंदी आहे, जमिनीची मालकी कोणाचीही असो, आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे. सातबारा तुमच्या नावावर राहतो, पण ती जमीन पुन्हा भाताखाली आणणे जवळपास अशक्य होते. कांदळवन वाचले पाहिजे यात दुमत नाही. पण पिकती जमीन निष्काळजीपणाने त्यात गेली, तर नुकसान शेतकऱ्याचे एकट्याचे असते.

म्हणून खांड पडल्याच्या दिवशीच तारखेसह फोटो काढावेत. तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्यावा. बांध योजनेतला असेल तर खारभूमी विकास विभागाला सर्व बाधित शेतकऱ्यांच्या सह्यांचे पत्र देऊन पोच घ्यावी. शेत पिकते होते, याचा पुढे हाच कागद पुरावा ठरतो. तिवरे आधीच उगवली असतील तर स्वतः तोडू नयेत. गुन्हा दाखल होतो.

खारवलेले शेत परत आणताना

बांध बुजल्याशिवाय जमीन सुधारण्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

कोकणात पाऊस मुबलक असतो, अडचण निचऱ्याची. फूटभर मातीतले बहुतेक क्षार घालवायला साधारण फूटभर पाणी तिच्यातून जावे लागते; भारी चिकण मातीत आणखी जास्त. खाली भूजलही खारेच असल्याने क्षार नुसते खाली ढकलून भागत नाही. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी बांधबंदिस्ती करून दोन-तीन दिवस शेतात धरावे आणि ओहोटीला पूर्ण सोडून द्यावे. असे तीन-चार वेळा करावे. चर उघाडीपर्यंत मोकळा नसेल तर तुमच्या शेताचे खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात उभे राहते, म्हणून हे काम अख्ख्या खाराने एकाच वेळी केले तरच उपयोगी.

माती परीक्षण मे महिन्यात करून घ्यावे. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पादन ३ च्या पुढे घटू लागते आणि प्रत्येक एककाला साधारण १२ टक्के कमी होते. मात्र अनेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून वाहकता मोजतात. त्या पद्धतीत आकडा बराच लहान येतो, कारण क्षार पातळ होतात. अहवालात १.५ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. कोणत्या पद्धतीने मोजले ते आधी विचारा. (जुनी माणसे मातीचा खडा जिभेला लावून सांगायची. ती फारशी चुकत नसत, पण त्यावर अनुदान मिळत नाही.)

जिप्सम सरसकट टाकू नये. आपल्या खार जमिनीत मुख्यतः साधे मीठच असते, ते पाण्याने धुतले जाते. सामू ८.५ च्या वर आणि सोडियमचे प्रमाण जास्त निघाले तरच जिप्समचा विचार करावा.

भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात क्षारांना सर्वांत नाजूक असतो. म्हणून रोपवाटिका खार जमिनीत न करता वरकस किंवा गोड्या जमिनीत करावी, रोपे थोडी जून झाल्यावर लावावीत आणि एका चुडात एक-दोन रोपे जास्त ठेवावीत. वाणांमध्ये पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ आहेत. काळा राता, बुरा राता हे जुने लाल भात उत्पन्नाला कमी, पण खारट पाण्यात टिकून राहणारे; त्यांचे बी गावात कोणाकडे असेल तर मोडू देऊ नका. गोव्यात हीच जागा कोरगुटाची, आणि तिथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने खाजनांसाठी गोवा धान-१ ते गोवा धान-४ हे वाण दिले आहेत.

गोव्याचा आणखी एक अनुभव उपयोगी आहे. तिथे उघाडीला मानस म्हणतात आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे, भात लावणाऱ्याला नको. जिथे दार मासेवाल्याच्या हाती गेले तिथे कित्येक खाजनांतला भात संपला. रायगडात जिताड्याची तळी करणाऱ्या गावांनी हे आधीच ठरवून घ्यावे: तळ्याला स्वतंत्र बांध आणि पाण्याची वेगळी सोय, आणि खाराच्या मुख्य उघाडीची किल्ली भातवाल्यांकडे.

कापणीनंतर शेत उघडे टाकू नये. ऊन वाढले की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर येते आणि पृष्ठभागावर पांढरा थर साचतो. ओल असतानाच हलकी नांगरट केली किंवा पेंढ्याचे आच्छादन पसरले तर हे बरेच थांबते. शेततळ्यात पावसाचे पाणी साठवले असेल तर बीट, पालक घेता येतात. घेवडा, गाजर, कांदा मात्र या जमिनीत घेऊ नयेत. शेततळे उथळ ठेवावे. खोल खणल्यास खालचे खारे पाणी त्यात पाझरते आणि फेब्रुवारीपर्यंत ते कशाच्याही कामाचे राहत नाही.