रोप कोठून घ्यावे? : ओमानच्या बागांचा अनुभव

पांप्लेमूसची बाग पाहिली नाही असा मॉरिशसवासी विरळाच. 1770 मध्ये पिअर प्वाव्र ह्या फ्रेंच अधिकाऱ्याने मोलुक्का बेटांतील लवंग व जायफळ यांची रोपे डचांच्या कडक पहाऱ्यातून गुप्तपणे आणवून ह्या बेटावर रुजविली, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र कमी लोकांस माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हीच लवंग ओमानी अरबांनी फ्रेंच बेटांतून झांझिबारला नेली. ओमानचे राज्यकर्ते सय्यद सईद यांच्या काळात तेथे लवंगेच्या विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या, आणि त्या गुलामांच्या श्रमांवर उभ्या राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. मुंबई बंदरातून कराराने आलेले आपले पूर्वज मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबत होते, तोच तो काळ.

म्हणजे ओमान आणि मॉरिशस यांचे नाते रोपामुळे फार पूर्वीच जडले आहे. आज तेथील रोपांच्या बाजारात जे चालले आहे ते पाहण्याजोगे आहे. मस्कत शहरात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत. बहुतेकांस अंगण नाही. गच्ची अथवा सज्जा आहे. तेथे चार कुंड्यांत तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि जास्वंद असली की घर घरासारखे वाटते. ही रोपे मिळविण्याचे मार्ग दोन. एक, गाडी काढून सीब किंवा बरका येथील रोपवाटिकेत, म्हणजे अरबी भाषेतील ‘मश्तल’मध्ये जाणे, दुसरा, घरबसल्या मोबाईलवर चित्र पाहून रोप मागविणे.

दुसरा मार्ग सोयीचा आहे ह्यात वाद नाही. दिवसभर कामावर असणाऱ्यास, ज्याच्याजवळ वाहन नाही त्यास, किंवा आजारी माणसास दारात रोप मिळणे ही मोठीच सोय होय. ऑनलाईन दुकानात पुष्कळदा रोपाचे शास्त्रीय नाव दिलेले असते, त्याचाही उपयोग होतो. मश्तलमध्ये तुळस मागावी आणि हाती ‘रैहान’ यावे, असे सहज घडू शकते. रैहान म्हणजे आपला सब्जा. दोन्ही एकाच कुळातील, दोन्ही सुगंधी. परंतु वृंदावनात सब्जा लावून गृहिणीचे समाधान कसे व्हावे?

तथापि ओमानची हवा चित्रात दिसत नाही. 26 जून 2018 रोजी मस्कतच्या आग्नेयेस असलेल्या कुरियात गावी चोवीस तासांत पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही. रात्रीचाही विसावा न मिळणाऱ्या अशा उष्म्यात थंड काचघरात वाढविलेले कोवळे रोप टिकणे कठीण. मश्तलमधील रोप त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात, कदाचित त्याच खारट पाण्यावर काही महिने तग धरून राहिलेले असते. त्याची पाने चित्रातल्याइतकी टवटवीत नसतात, किंचित करपलेलीही असतात. खरेदीदार नेमका अशा रोपाला नाक मुरडतो आणि लुसलुशीत रोप उचलतो! कामगारास विचारले तर ‘आता जूनमध्ये लावू नका, ऑक्टोबरात या,’ असे सांगणाराही भेटतो. सलालाहची गोष्ट वेगळी. तेथे जून ते सप्टेंबर खरीफचे ढग व तुषार असतात, नारळ आणि केळी कोकणासारखी वाढतात. एकाच देशातील ह्या दोन हवामानांतला फरक दूरच्या दुकानदारास ठाऊक असेलच असे नाही.

रोप वाळले तर गिऱ्हाइकाचे दोन-चार रियाल जातात, एवढेच. ओमानने सोसलेली हानी ह्याहून फार मोठी आहे, आणि ती कागदी लिंबाची आहे. हे लिंबू वाळवून ‘लूमी’ करतात. काळेभोर, हलके, मोठ्या आंबट वासाचे. आखाती स्वयंपाकात त्याचे स्थान कोकणातल्या आमसुलासारखे. बातिनाच्या किनारी पट्टीत ह्या झाडांच्या बागाच बागा होत्या. 1970 च्या दशकात तेथील झाडांवर केरसुणीसारखे झुपके दिसू लागले. पाने बारीक व फिकट, फांद्यांची दाटी, फळ नाही. पुढे चार-पाच वर्षांत झाड मरून जाई. कारण होता फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव. तो झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत राहतो, आणि एक तुडतुडा त्यास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. 1995 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे शास्त्रीय नामकरण केले, पण रोगी झाड बरे करणारा उपाय मिळाला नाही. पुढे अमिरातींत, इराणात आणि 1999 साली भारतातही ह्या रोगाची नोंद झाली.

ह्यातील भयंकर बाब ही की, रोगी रोप कित्येक महिने निरोगीच दिसते. ते चित्रात पाहा की मश्तलमध्ये हातात धरून पाहा, काही कळत नाही. तुडतुडा आपल्या पंखांनी थोडे अंतर जातो. गाडीत ठेवलेले रोप एका दिवसात देश ओलांडते.

एवढ्यावर थांबले नाही. 1993 मध्ये ओमानात खजुरावर लाल सोंड्या भुंगा आढळला. कोकणातील माडाच्या बागाईतदारांस हा जुना वैरी ओळखीचा आहे. आखातात तो पसरला तो मुख्यतः खजुराच्या फुटव्यांच्या व्यापारातून. 1998 मध्ये बातिनात आंब्याची झाडे अकस्मात वाळू लागली. त्यामागे बुरशी व साल पोखरणारा बारीक भुंगेरा अशी जोडगोळी निघाली. लिंबू, खजूर आणि आंबा, ओमानी शेतकऱ्याची तिन्ही लाडकी झाडे तीस वर्षांच्या आत संकटात सापडली.

म्हणून मस्कतच्या विमानतळावर सुट्टीहून परतणाऱ्या प्रवाशाच्या पेटीतील रोप अधिकारी काढून घेतात, तेव्हा त्यांचा राग मानण्याचे कारण नाही. परदेशातून रोप आणावयाचे तर आयात परवाना हवा आणि ज्या देशातून आणले तेथील आरोग्य-दाखला हवा. आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या कढीपत्त्याच्या फांदीस दाखला कोठला? वस्तुतः कढीपत्ता हा लिंबाचाच भाऊबंद, आणि लिंबूवर्गीय झाडांचा ‘ग्रीनिंग’ रोग वाहून नेणारा सायला किडा त्यावर सुखाने नांदतो. मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटावर ह्या रोगाने संत्र्यांच्या बागा बसविल्या होत्या. 1978 मध्ये ह्या किड्याचा नाश करणारी एक चिमुकली परजीवी माशी भारतातून तेथे नेऊन सोडली, तेव्हा त्या बेटाला दिलासा मिळाला. ऑनलाईन विक्रीत तर ही तपासणी चुकविणे आणखी सोपे. 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील हजारो घरी न मागविलेल्या बियांची पाकिटे टपालाने येऊन पडली. त्या लावू नका, असे तेथील कृषी खात्यास जाहीरपणे सांगावे लागले.

मश्तल जवळ आहे म्हणून त्यातील प्रत्येक रोप तेथेच वाढलेले असते, असेही नाही. पुष्कळ माल परदेशातून येतो. फरक एवढाच की मश्तलमध्ये समोर माणूस असतो. त्यास विचारता येते. मनी प्लॅंट किंवा सज्जातले शोभेचे झाड मोबाईलवरून मागविण्यास हरकत नसावी. लिंबू, आंबा, खजूर आणि कढीपत्ता यांच्या बाबतीत मात्र मस्कतच्या जाणत्या गृहिणी हिवाळ्यातील एखाद्या शुक्रवारी बरक्याची वाट धरतात. रोप कोठे वाढविले, कलम कोणत्या झाडाचे, बाहेरून आणले असेल तर दाखला कोठे आहे, हे विचारतात; आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिकाम्या पिशवीने परततात. शेजारणीची तुळस मंजिऱ्यांनी भरलेली असते. तिचे मूठभर बी मागून आणले की तेवढ्यापुरता तरी कोणत्याच दुकानाचा प्रश्न उरत नाही.