दिवस मावळायच्या आत



आगमन काळ लागला की घराघरांत नाताळची घाई सुरू होते. रंगरंगोटी, गव्हाणी, करंज्या, नवे कपडे. आपल्या बालाघाट जिल्ह्यात याच सुमारास धानाची कापणी-चुरणीही आटोपत आलेली असते. म्हणजे घरी आणि बांधीत, दोन्हीकडे मजूर लागतात. म्हणून यंदा बायबलमधला एक साधा धडा आठवून द्यावासा वाटतो. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी, एवढाच तो धडा.

हा उपदेश एकाच ठिकाणी आलेला नाही. लेवीय १९:१३ सांगते की मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. अनुवाद २४:१४-१५ त्याचे कारणही देते: तो माणूस गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला आहे. मजूर आपल्यातला असो की परका, नियम एकच. आम्हा कॅथलिकांच्या बायबलात तोबीतचा ग्रंथ आहे. त्यात दृष्टी गेलेला म्हातारा बाप मुलाला प्रवासाला धाडण्याआधी जे काही समजावतो, त्यात हेही सांगतो (४:१४). मुलाला सांगायच्या निवडक गोष्टींत त्याला ही गोष्ट महत्त्वाची वाटली, हे लक्षात घ्या.

मत्तयच्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दृष्टांत मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवला. मुले नेहमी एकच प्रश्न विचारत, “गुरुजी, तासभर राबलेल्यालाही तेवढेच पैसे का?” दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची रोजी. देवाची उदारता आपल्या मापात मावत नाही, असे मी उत्तर देई. पण त्याच गोष्टीतली एक बाब माझ्या नजरेतून सुटली होती. संध्याकाळ झाल्याबरोबर मालक कारभाऱ्याला बोलावून पैसे द्यायला सांगतो. मालकाच्या उदारतेची सुरुवात वेळेवर हिशोब चुकता करण्यापासून होते.

ही बाब मला कळली ती उशिरा, आणि स्वतःच्या चुकीमुळे. २०१८ च्या सप्टेंबरची अखेर होती. घराच्या मागच्या भिंतीला गिलावा करायला एक गवंडी आणि एक रेजा येत होते. शनिवारी संध्याकाळी गवंड्याचे पैसे दिले. रेजाबाई हात धुऊन अंगणात उभी होती. तिने हळूच विचारले, “गुरुजी, आज भेटतीन का पैसे?” मी म्हणालो, “सुटे नाहीत, सोमवारी घे.” खरे सांगतो, सुटे होते. पैसे हाती पडले तर ही सोमवारी दुसरीकडे कामाला जाईल, असा माझा हिशोब होता. आपल्याकडे सगळेच असे करतात, म्हणून मला त्यात काही वावगेही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, मिस्सेत दुसरे वाचन माझ्याकडे होते. याकोबच्या पत्राचा पाचवा अध्याय, पहिल्या सहा ओव्या. शेतात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती हाक परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे याकोब श्रीमंतांना बजावतो. वाचता वाचता माझा आवाज अडखळला. लोकांना वाटले असेल, मास्तरांचा चष्मा बदलायला झाला.

मिस्सा संपल्यावर तसाच तिच्या घरी गेलो. शनिवारी रात्री किराणावाल्याने उधार दिले नव्हते. शेजारणीकडून तांदूळ मागून तिने चूल पेटवली होती. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही, मी विचारले म्हणून सांगितले. मी रोजीवर पन्नास रुपये जास्त ठेवले. तिने ते मोजून परत केले. “माझी रोजी एवढीच हाय, गुरुजी.” मी मान खाली घालून घरी आलो. पुढे पापनिवेदनात हे बोललो. पण तिच्यासमोर जे वाटले, ते आजही जात नाही.

आपल्या जिल्ह्यातली किती माणसे नागपूर, हैदराबादला कामाला जातात! २०२० च्या टाळेबंदीत त्यातले कितीतरी पायपीट करत परतले. तिकडे एखाद्या ठेकेदाराने आपल्या पोराचे पैसे अडवले की आपण चिडतो, आणि ते बरोबरच आहे. पण घरी तेच आपण थोड्या प्रमाणात, गोड बोलून करतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र काढले. कामगाराच्या रास्त वेतनावर डल्ला मारणे हा मोठा अपराध आहे, हे सांगताना त्यांनी याकोबच्या याच ओवीचा आधार घेतला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, त्यामागे त्या परिपत्राचीही आठवण आहे. आणि हे काही आपणच सांगतो असे नाही. घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, असे माझे मुसलमान मित्रही त्यांच्या धर्माची शिकवण म्हणून सांगतात.

त्या दिवसापासून आमच्या घरी तीन गोष्टी पाळतो. मजूर येणार असले की सकाळीच सुटे पैसे आणून ठेवायचे. काम अर्धे राहिले तरी झालेल्या दिवसाचे पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे. आणि मजुराला मागायची वेळ येऊ द्यायची नाही, कारण हक्काचे पैसे मागतानाही गरीब माणूस ओशाळतो. भांडीवाली, दूधवाला, शिलाईवाली, सगळ्यांना हेच लागू.

नाताळच्या खरेदीची यादी कराल तेव्हा आधी एवढे बघा, कोणाचे देणे राहिले आहे का? असेल तर आजच देऊन टाका, दिवस मावळायच्या आत. गव्हाणी त्यानंतर मांडली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बालाघाट