दंड भरला, तरी तीन वर्षं जपून

परवा गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोराला मोबाइलवर बोलत गाडी चालवताना पकडलं. दंड भरला. आता मिटलं ना?"

आम्ही सांगितलं, मिटलं नाही. हातात मोबाइल, सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने जाणं, हे सगळं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये येतं. पहिल्यांदा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तसाच गुन्हा तीन वर्षांच्या आत पुन्हा झाला, तर 10,000 रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता विमा. गाडी धडकली आणि आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी क्लेम केला, की 'नो क्लेम बोनस' जातो. क्लेमविना एक वर्ष गेलं तर स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात 20 टक्के सूट, सलग पाच वर्षं गेली तर 50 टक्के. एका क्लेमने ती शून्यावर येते. म्हणून किरकोळ खर्च असेल, तर क्लेमआधी हिशेब मांडा.

गटाच्या कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर कर्जाचा हप्ता आपल्यालाच भरायचा आहे. आज घरी पोरांना एवढं सांगा: फोन आला, तर गाडी बाजूला घ्या.