हंगामाची थंडी आणि पोटातला अग्नी



कारखान्याचा हंगाम आणि थंडी जोडीनेच येतात. मार्गशीर्ष-पौष हा हेमंत आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. हे चार महिने आपल्या धावपळीचे. तोड कधी मिळते, गाडी कधी भरते, खोडव्याला पाणी कधी द्यायचं, या नादात सकाळची न्याहारी राहते, दुपारची भाकरी चारला आणि मधे चहावर चहा. आयुर्वेदाप्रमाणे थंडीत नेमकं हेच करू नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. थंडीमुळे शरीरातली उष्णता आत कोंडते व जठराग्नी प्रबळ होतो. त्याला अन्नाचं सरपण मिळालं नाही तर तो शरीरातला रसच आटवतो आणि वात वाढतो. बॉयलर पेटलेला पण बगॅस नाही, अशी ती गत. वाग्भटांनीही म्हटलं आहे की या ऋतूत रात्र मोठी, म्हणून सकाळीच भूक लागते. तेव्हा चहाच्या कपावर घर सोडू नका. भाकरी खाऊनच मळ्यात जा.

काय खावे?

थंडीत स्निग्ध, गोड, आंबट व खारट अन्न मानवतं. त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी, उडदाचं घुटं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, ताजं दूध, डिंकाचा लाडू. भोगीला घरोघर होणारी तिळकूट घातलेली मिसळीची भाजी म्हणजे ऋतुचर्याच. पाणी कोमट प्यावं. शिळं, थंड आणि अर्धपोटी जेवण टाळावं.

चरकांच्या या यादीत उसापासून केलेले पदार्थही आहेत, ही आपल्याला आनंदाचीच गोष्ट. वाग्भट तर बारकाईने सांगतात: दातांनी खाल्लेला ऊस उत्तम, पण यंत्रात पिळताना मूळ, शेंडा व किडका भाग आला, मळ मिसळला आणि रस थोडा वेळ राहिला की तो बिघडतो. आपला शेती विभाग वाडे नीट काढा, ऊस ताजा आणा म्हणून सांगतो, त्यातलंच हे! गूळही नव्यापेक्षा जुना पथ्याचा मानला आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा

हा आहार घाम गाळणाऱ्याचा आहे. याच चरकांनी प्रमेहाची कारणं सांगताना बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही-दूध, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ एकाच माळेत ओवले आहेत. पूर्वी बांधावरून चालत फिरणारा शेतकरी आज मोटारसायकलवर फिरतो, नांगरट ट्रॅक्टर करतो, आणि ताटातला लाडू मात्र तेवढाच राहतो. मधुमेह गावोगाव दिसू लागला आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी 'गूळ चालतो' या समजुतीत राहू नये. गुळानेही रक्तातली साखर वाढते. बाकीच्यांनी लाडू खावा, पण फड पायी फिरून यावा. थंडीत सशक्त माणसाने निम्म्या शक्तीइतका व्यायाम करावा, असं शास्त्र आहे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी.

राहणी

आंघोळीपूर्वी कोमट तिळाचं तेल अंगाला चोळावं, थोडं उन्हात बसावं. जेवून दुपारी झोपू नये, ती सवलत फक्त उन्हाळ्यात. रात्रीच्या लाईटवर दारे धरायला जाणाऱ्यांनी कानाला मफलर, पायांत गमबूट घालावेत. घरी आल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत, पाय कोमट पाण्याने धुऊन तेल चोळावं. ऊब यावी म्हणून दारू घेणं घातक. अंग गरम वाटतं, पण आतली उष्णता निघून जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

घरगुती उपायांना मर्यादा आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर आल्याच्या काढ्यावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासावी. पहाटे छातीत दाटून आलं, डावा हात दुखू लागला, दरदरून घाम आला, तर वात म्हणून तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करून तडक दवाखाना गाठावा.

शेवटी, आपल्या फडात पहाटेच्या दहिवरात कोयता चालवणारी टोळी कोपीत राहते. त्यांच्या लेकरांना तांब्याभर दूध आणि घोंगडं आपल्या घरातून गेलं तर आपलं काही कमी होत नाही.

ऊस वेळेवर गेला पाहिजे हे खरंच. पण आपली भाकरीही वेळेवर झाली पाहिजे.