राजजवाहीर : रत्न, कोंदण आणि नाव

पुरावस्तूंच्या जत्रेत अथवा लिलावपूर्व प्रदर्शनात एखादा शिरपेच काचेच्या पेटीत मांडलेला असतो आणि त्याखाली 'राजघराण्यातील ऐतिहासिक अलंकार' अशी चिठ्ठी असते. पाहणाऱ्याचे लक्ष रत्नाच्या तेजाकडे जाते. परंतु त्या अलंकाराला 'ऐतिहासिक' ठरविणारी गोष्ट कोणती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रत्न, कोंदण आणि नाव अशी या प्रश्नाची तीन अंगे आहेत. त्यांपैकी शेवटचे अंग वस्तुतः भाषेच्या अभ्यासाचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'जवाहीर' हे मुळात 'जौहर' या शब्दाचे अरबी अनेकवचन होय. मराठीत ते समूहवाचक एकवचन बनले आणि 'जडजवाहीर' असा जोडशब्दही रूढ झाला. 'शिरपेच' हा फारसी 'सरपेच' होय. मात्र मराठीने 'सर' या अंशाच्या जागी परिचित संस्कृत 'शिर' बसविले. दोन्ही शब्दांचा अर्थ डोके हाच असल्याने हा बदल कोणाला जाणवलाही नाही. शिवकालात रघुनाथपंडितांनी रचलेल्या 'राजव्यवहारकोशा'ने फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले; तरी तुरा, कलगी, शिरपेच हे शब्द टिकून राहिले. पागोट्यावर पुढे बांधावयाचा शिरपेच, उभी खोवावयाची कलगी आणि लोंबता तुरा हे भेद इंग्रजी विक्रीसूचीत मात्र 'पगडीचा दागिना' एवढ्या एका वर्णनात लोपतात. मग जामदारखान्याच्या मोडी यादीतील नोंद आणि पेटीतील वस्तू यांची सांगड घालणे कठीण होते.

या दृष्टीने 'नासक' हिऱ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातील होता, अशी परंपरा आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाल्यावर तो इंग्रजांच्या हाती आला आणि युद्धातील लूट म्हणून लंडनच्या बाजारात विकला गेला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्यास नवे पैलू पाडले, तेव्हा ते सुमारे ८० कॅरटांवर आले. पुढे १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसविला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन पुन्हा कापविला. आता त्याचे वजन ४३.३८ कॅरट, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमांहूनही किंचित कमी आहे.

याचा अर्थ असा की, मूळ वजनाचा निम्म्याहून अधिक भाग नाहीसा झाला, जुना घाट गेला, कोंदणे बदलली. टिकले ते केवळ नाव. तेही त्र्यंबकचे नसून जवळच्या नाशिक शहराचे, आणि इंग्रजी लेखनात बदललेले. इंग्रजीतून 'नॅसक' असे परत आलेल्या त्या नावात मराठी वाचकाला नाशिक ऐकू येत नाही. १९२० नंतरच्या दशकात हा हिरा अमेरिकेत कलात्मक पुरावस्तू म्हणून जकातमुक्त नेण्यात आला, तेव्हा त्यावर हरकत निघून प्रकरण सीमाशुल्क न्यायालयात गेले. पुन्हा घडविलेले रत्न पुरावस्तू मानावे की निव्वळ रत्न, असा तो वाद होता.

बडोद्याच्या गायकवाडांचे जवाहीर याची दुसरी बाजू दाखविते. 'दक्षिणेचा तारा' हा १२८.४८ कॅरटांचा हिरा १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये सापडला. त्याचे राजत्व खाणीतून नव्हे, तर बडोद्याच्या खरेदीतून आले. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करविलेला मोत्यांचा गालिचा १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात मांडला गेला, पुढे मोनॅकोस पोहोचला आणि २००९ मध्ये दोहा येथे लिलावात विकला गेला.

अशा वस्तूंच्या निर्यातीवर आता 'पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२' याचे नियंत्रण आहे. शंभर वर्षांहून कमी वय नसलेला अलंकार पुरावस्तू ठरू शकतो आणि तो केंद्र सरकार अथवा त्याने प्राधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही परदेशी पाठविता येत नाही. वस्तू पुरावस्तू आहे किंवा नाही याविषयी शंका उद्भवल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी निर्णय देतो व तो अंतिम असतो. न्हावा शेवा हे देशातील मोठे मालपेटी बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावांनी ते ओळखले जाते. त्याच्या अधिकृत नावातील 'जवाहर' हा शब्द 'जवाहीर' या शब्दाचाच भाऊबंद आहे, हा योगायोगच. अशा बंदरातील तपासनीसापुढे येतो तो प्रथम कागद, मग पेटीतील वस्तू. कागदावर केवळ 'जुना दागिना' असे लिहिले असेल, तर कायद्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

म्हणून प्रदर्शनातील अलंकारापुढे उभे राहणाऱ्याने तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात : रत्नाचे पैलू कोणत्या काळचे आहेत, कोंदण व पाठीमागचा मीना मूळचा आहे काय, आणि नाव कोणत्या नोंदीवर आधारलेले आहे. पहिल्या दोहोंचे उत्तर जवाहिऱ्याने द्यावयाचे. तिसऱ्याचे उत्तर जुन्या यादीतील शब्द अचूक वाचणाराच देऊ शकतो. दौलतींच्या मोडी याद्यांतील अलंकारनामांचा सचित्र कोश तयार होणे ही याकरिता केवळ कोशकारांची हौस नव्हे. रत्न कापता येते आणि सोने वितळविता येते. त्यांची ओळख पुन्हा पटविण्यास त्या यादीतील एक शब्दच उपयोगी पडतो.