एक तृतीयांश छप्पर

हेग शहराची एक जुनी विभागणी आहे, वाळू आणि पीट यांची. समुद्राकाठच्या वाळूच्या कोरड्या पट्ट्यांवर पैसेवाल्यांनी घरे बांधली. आतल्या बाजूच्या पीटवर, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या ओलसर, भुसभुशीत जमिनीवर, कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. वाळूवरचा तो ‘हागनार’ आणि पीटवरचा तो ‘हागनेस’. लान फान मेर्डरफोर्ट हा लांबलचक रस्ता ढोबळमानाने दोघांमधली सीमा मानतात. पुणेकराला हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे ही भाषा आपल्याला पाठच आहे.

भाड्याला कंटाळून आम्ही घर शोधू लागलो, तेव्हा आमच्या पगारावर मिळणाऱ्या कर्जात वाळूवर मोटारीची शेडसुद्धा आली नसती. राहता राहिले पीट. अशा रीतीने आम्ही ट्रान्सवाल नावाच्या वस्तीत, पॉल क्रूगरलानच्या एका आडगल्लीत येऊन पोचलो.

या नावांची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बोअर युद्धाच्या काळात (१८९९ ते १९०२) डचांना दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या बोअर भाऊबंदांचे भारी कौतुक होते. त्या भरात वस्तीला नाव मिळाले ट्रान्सवाल आणि तिथल्या मुख्य रस्त्याला तिथल्या अध्यक्षाचे, पॉल क्रूगरचे. त्याच क्रूगरच्या राजवटीत १८८५ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने आशियाई माणसाला स्थावर मालमत्तेची मालकी नाकारली होती. पुढच्या वर्षी सवलत मिळाली, तीही सरकार नेमून देईल तेवढ्या गल्ल्यांपुरती. गांधीजींच्या सत्याग्रहाची सुरुवात १९०६ साली झाली ती याच ट्रान्सवालमध्ये, इंग्रजी अमलाखाली. आज हेगमधल्या क्रूगरच्या रस्त्यावर साड्यांची आणि सोन्याच्या दागिन्यांची दुकाने आहेत आणि दिवाळीच्या आधी तिथे पणत्या मिळतात.

ही दुकाने बहुतेक सुरीनाममधून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची. १८७३ साली ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना घेऊन पारामारिबोला लागले, आणि १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे तिकडे गेली. ती मुख्यतः संयुक्त प्रांत आणि बिहारमधली. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी हजारोंनी हॉलंड गाठले आणि त्यातले पुष्कळ हेगमध्ये स्थिरावले. तुर्की आणि मोरोक्कन कामगार त्याआधीच, १९६४ आणि १९६९ च्या भरतीकरारांनंतर, येऊ लागले होते. जवळच्या हाख्स मार्क्टमध्ये म्हणूनच कारली, चवळीच्या हातभर शेंगा, ऑलिव्ह आणि खारवलेले हेरिंग एकाच फेरीत घेता येतात.

वस्तीला नाव मात्र चांगले नाही. २००७ साली सरकारने देशातल्या ४० ‘समस्याग्रस्त’ वस्त्यांची यादी केली, तीत ट्रान्सवाल होते. अशी यादी वस्तीला मदत मिळावी म्हणून करतात, पण लोकांच्या लक्षात शिक्का तेवढा राहतो. आम्स्टेलफेनच्या मराठी मित्रांना पत्ता सांगितला तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ‘मुलीच्या शाळेचा विचार केला का?’ असा प्रश्न आला. केला होता. शाळा पाहिली, आवडली. घर स्वस्त होते त्याचे मुख्य कारण ही फोनवरची शांतताच होती, असे माझे मत आहे. भिंतींत तसे काही वाईट नव्हते.

घर म्हणजे हेगच्या खास ‘पोर्टीक’ पद्धतीचे. रस्त्यावरून उघडा दगडी जिना चढून एका ओट्यावर यायचे, तिथे ओळीने दारे. प्रत्येक दारामागे शिडीसारखा उभा जिना किंवा थेट घर. आमच्या इमारतीत तीन घरे, आम्ही मधले. करारनाम्यात एक ‘वयाचे कलम’ होते. घर शंभरीच्या घरात आहे, तेव्हा नव्या घराच्या अपेक्षा ठेवू नयेत, अशा आशयाचे. सही केल्यावर खरेदीदाराला विचार बदलायला तीन दिवस मिळतात. जुने घर घेणाऱ्याने त्या तीन दिवसांत फरशा न पाहता कागद पाहावेत.

कारण हॉलंडमध्ये फ्लॅट घेणारा कायद्याने इमारतीचा एक हिस्सा विकत घेतो आणि त्याबरोबर आपोआप मालकांच्या संघाचा सभासद होतो. या संघाला सगळे ‘फे-फे-ए’ म्हणतात. आपल्या सोसायटीचाच हा भाऊ, फक्त तीन माणसांचाही असू शकतो. छप्पर, पाया, बाहेरच्या भिंती, सांडपाण्याचे नळ सगळे संघाचे. २०१८ पासून कायदा असा आहे की दुरुस्तीच्या आराखड्याप्रमाणे तरी पैसे साठवा, नाहीतर इमारत पुन्हा बांधायला लागेल त्या रकमेचा निदान अर्धा टक्का दरवर्षी बाजूला टाका. आपल्याकडच्या सिंकिंग फंडासारखेच हे, आणि तो फंड कसा भरला जातो तेही आपण जाणतोच.

आमचा संघ ‘झोपलेला’ होता. हा डचांचाच शब्द. बँकेत ११४० युरो, बऱ्याच वर्षांत सभा नाही, इतिवृत्त नाही. आणि छपराची तपासणी केली तर दुरुस्तीचा अंदाज १२ हजार. म्हणजे घरटी चार हजार. कर्ज देणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले, संघ जागा करा, पैसे कुठून आणि कधी येणार ते लिहून आणा, मग पाहू. विकणारा पूर्वी त्या घरात खोल्या भाड्याने देत असे. २०२२ पासून नगरपालिकांना अशा गुंतवणूकदारांची खरेदी रोखता येते, त्यामुळे त्याला आमच्यासारख्या राहायला येणाऱ्यांशीच सौदा करायचा होता. त्याने आपले चार हजार नोटरीकडे ठेवायचे कबूल केले आणि सभेसाठी मुखत्यारपत्र चक्क मलाच दिले.

सभा तळमजल्यावरच्या आजींकडे भरली. वरचा शेजारी हेगमध्येच जन्मलेला तुर्की इलेक्ट्रिशियन. त्याच्या मुलाच्या खोलीत पावसाळ्यात (म्हणजे जवळपास वर्षभर) बादली असे. आजींचे म्हणणे सरळ होते. त्या सरनामीत बोलत, माझे हिंदी आणि त्यांची भोजपुरी वळणाची बोली यांचे बरे जमे. पाणी वर गळते, तर पैसे खालच्याने का द्यायचे? शेजारी डचमध्ये म्हणाला, मग तुमच्या फरशीखालची ओल कोणाची? दोघांनी माझ्याकडे पाहिले. मधल्या मजल्यावर ना गळती ना ओल, पण मत मात्र तिथेच.

आजींचा विरोध तत्त्वाचा नव्हता, पेन्शनचा होता. इथले सरकारी वृद्धवेतन पन्नास वर्षांच्या वास्तव्यावर मिळते. जेवढी वर्षे कमी, तेवढे दर वर्षाला दोन टक्के कापतात. सुरीनाम डच राजवटीत असतानाची वर्षेही त्यात धरली जात नाहीत. आजी सत्ताविसाव्या वर्षी आल्या, त्यांची बारा वर्षे, चोवीस टक्के, कायमची गेली. अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने आमच्या इमारतीला वर्षाला २७०० म्हणजे घरटी महिना ७५ युरो येत होते. तेवढेही त्यांना जड होते, आणि वर हे चार हजार.

मग त्या म्हणाल्या, सोळाशे बँकेत आहेत, उरलेले मार्चमध्ये. मार्चमध्येच का? तर ‘कासमोनी’. चोवीस बायका, महिना शंभर, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम. मला हसू आवरेना, कारण ही आपली भिशी होती. शेजारीही हसला. त्याची आई ‘अल्तिन ग्युनू’ला जाते, तिथे पैशाऐवजी सोन्याचे नाणे. आजींनी शेवटचा नंबर मुद्दाम मागून घेतला होता, आधी हातात आले तर खर्च होतात म्हणून.

इतिवृत्त मी लिहिले, डच भाषा शेजाऱ्याने सुधारली. छप्पर मार्चनंतर, त्यापुढच्या वर्षी फरशीखालची ओल, आणि तोवर पन्हाळी व जिन्यातले दिवे शेजारी फुकट पाहील. तिसऱ्या हिश्श्यासमोर ‘मार्च’ एवढेच लिहिले. कर्ज देणाऱ्यांना ते पुरले. जानेवारीत नोटरीकडे सह्या झाल्या.

एप्रिलमध्ये दोन दिवस गल्लीभर डांबराचा वास होता. बादली आता आजींच्या मागच्या अंगणात आहे, तिच्यात पुदिना लावला आहे. भिशी संपल्यामुळे त्यांचे महिन्याचे शंभर मोकळे झाले. पंचाहत्तर संघाकडे जातात. उरलेल्या पंचविसांसाठी नवी भिशी सुरू करायची आहे आणि पहिला नंबर मला घे म्हणून त्या मागे लागल्या आहेत. मी शेवटचा मागितला, तर म्हणाल्या, तो माझा.