जुने दप्तर नव्या संगणकावर नेताना

आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचा महाल. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. गावे जागच्या जागी राहिली, दप्तराचे धनी बदलले. जुने मोडी कागद आज शाबूत असले, तरी ते वाचणारा जाणकार शोधावा लागतो. संगणकावरील मराठी दप्तरावर अशी पाळी अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत येते.

१९९० च्या दशकात, व पुढेही बरीच वर्षे, कार्यालयांतील मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. त्या व्यवस्थेत संगणकास मराठी अक्षर ठाऊक नसे. रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या संकेतांकांवर मराठी अक्षरांच्या आकृत्या बसविलेल्या असत. उपलब्ध जागा जेमतेम २५६, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसल्यास फाइल सुखरूप उघडते, परंतु कर आकारणीच्या नोंदवहीत नावांऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा संकेतांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा तीत समावेश आहे. तथापि जुना मजकूर तीत आणणे म्हणजे केवळ आकड्यास आकडा लावणे नव्हे. ‘दिघंची’ हे गावाचे नाव जुन्या फॉन्टमध्ये दिसते त्या क्रमाने साठविले जाते. वेलांटी आधी, ‘द’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असल्याने ‘द’ आधी येतो. ‘कर्ज’ मधील रफाराचे याच्या उलट. परिवर्तक प्रणालीस मूळ फॉन्टचे नाव अचूक सांगितले, तरच हे क्रम नीट लागतात. हे नाव साध्या मजकुराच्या फाइलीत उरत नाही. म्हणून मूळ फाइल तशा स्वरूपात साठविण्यापूर्वीच ते टिपून ठेवावे. एकाच तक्त्यात इंग्रजी शब्द असल्यास ते वेगळे काढावेत, अन्यथा त्यांचेही निरर्थक मराठी होते.

सर्वांत फसवी चूक ‘ऱ्य’ ची. ‘शेतकऱ्यांचे’ चे ‘शेतकर्यांचे’ झालेले घाईत लक्षात येत नाही. शिवाय हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. शोध घेतला असता नोंद असूनही ‘आढळत नाही’ असे उत्तर येते.

गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगलेली कितीतरी कुटुंबे या तालुक्यात आहेत. जन्माच्या दाखल्यासाठी किंवा वारस नोंदीसाठी दूरवरून आलेल्या माणसास हे उत्तर किती महाग पडते, हे ग्रामपंचायतीत बसणाऱ्यास सांगावयास नको.

फ्लॉपीवर असलेल्या फाइलींची निकड अधिक. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीने जोडावयाचे वाचक यंत्र उपलब्ध असते. सव्वापाच इंचीसाठी त्या काळचा चालू संगणकच बहुधा शोधावा लागतो. मूळ फाइलीची एक प्रत न उघडता जतन करावी व काम दुसऱ्या प्रतीवर करावे. परिवर्तनानंतर नोंदींची संख्या व रकमांच्या बेरजा ताडून पाहाव्यात. नावे मात्र कागदी नोंदवही समोर ठेवून, एकाने वाचावीत व दुसऱ्याने पडताळावीत. ही पडताळणी पुरी होऊन तीवर सही होईपर्यंत जुना संगणक निर्लेखित करू नये.